लेकीचं पाणी

मशीनचं बरं असतं. ते बोट दाखवतं आणि मोकळं होतं. ज्याच्याकडे बोट दाखवलं त्याच्या दारात उभं राहायचं काम मात्र आमच्या वाट्याला येतं.

मी माया तायडे. जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे, म्हणजे लोकांना जुलाब झाले की माझं काम सुरू होतं. हगवण असो, गॅस्ट्रो असो, कॉलरा असो, आमची गाडी निघते. आताशा गाडीच्या मागच्या भागात प्रयोगशाळाच बसवून दिली आहे, त्यामुळे 'नमुने पाठवा, बघू' असं म्हणून खुर्चीत बसून राहायची सोय उरलेली नाही. त्या वैशाखात लाखनखेडला निघालो तेव्हा रस्त्यावरचं डांबर वितळून टायरला चिकटत होतं. गाडीतला एसी फक्त मशीनच्या कप्प्यापुरता चालत होता. आमचा ड्रायव्हर शेगोकार घाम पुसत थोड्या थोड्या वेळानं म्हणत होता, "मॅडम, पुढच्या जन्मी मले मशीन कर म्हनाव देवाले. गार तरी राहीन."

लाखनखेड हे खारपाणपट्ट्यातलं गाव. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. ते पिऊन मुतखडे होतात, किडन्या जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि गोड्या पाण्याची नळयोजना कागदावर कितीदा तरी पूर्ण झालेली आहे. टँकर येतो, नाहीतर येत नाही. म्हणून इथे मुलीला स्थळ बघताना मुलगा काय करतो हे नंतर विचारतात, आधी विचारतात की गावचं पाणी कसं आहे. पोरगी गोड्या पाण्यात पडली की आईबापांचा जीव भांड्यात पडतो.

या गोड्या पाण्यावरूनच इथे एक रीत पडली आहे. माय किंवा बाप गेला की तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, प्रत्येक लग्न झालेली लेक आपल्या सासरचं पाणी घेऊन येते. पूर्वी डोक्यावर घागर यायची, आता गाडीतून निळी प्लास्टिकची कॅन येते. सगळ्या लेकींचं पाणी एका रांजणात ओततात आणि पंगत बसण्याआधी प्रत्येकाच्या हातावर त्यातला घोटभर देतात. जन्मभर खारं प्यालेल्या माणसाच्या नावानं गोड घोट. याला लेकीचं पाणी म्हणतात. या पाण्यात औषधाचे थेंब टाकत नाहीत, ते उकळत नाहीत, गाळतसुद्धा नाहीत, कारण तसं केलं तर लेकीवर संशय घेतल्यासारखं होतं. मी या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत घसा कोरडा करून समजावलं आहे. लोक शांतपणे ऐकून घेतात, मला चहा पाजतात आणि तेरवी आली की करायचं तेच करतात.

लाखनखेडच्या समाधान गावंडेची आई म्हातारपणानं गेली. तिच्या तेरवीला तिन्ही लेकींचं पाणी आलं, सगळा गाव जेवला, आणि दोन दिवसांत निम्म्या गावाला कॉलऱ्यानं लोळवलं. सलाईन वेळेवर पोचलं म्हणून बाकीचे वाचले. समाधानची सात वर्षांची मुलगी शिवन्या मात्र सगळ्यांच्या आधी आजारी पडली होती, आणि तिला ऊन लागलं असेल असं समजून घरच्यांनी कांद्याचा रस चोळण्यात वेळ घालवला. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली.

आता मशीनविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्याच्यामुळे झालं.

कॉलऱ्याच्या जंतूच्या पोटात जवळजवळ चाळीस लाख अक्षरांचा एक मजकूर असतो. लिपी चारच अक्षरांची. एका जंतूचे दोन होतात तेव्हा हा सगळा मजकूर पुन्हा उतरवला जातो, आणि उतरवताना क्वचित एखादं अक्षर चुकतं. ती चूक मग त्याच्या साऱ्या पिलावळीत जाते. एका विहिरीत वर्षानुवर्षं मुक्काम केलेल्या जंतूंच्या चुका वेगळ्या, दुसऱ्या तलावातल्यांच्या वेगळ्या. आमचं मशीन हा धागा एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढतं. छिद्रातून विजेचा प्रवाह वाहत असतो आणि अक्षरं पुढे सरकतील तसा तो किंचित कमीजास्त होतो, त्यावरून मजकूर वाचता येतो. पूर्वी नमुने पुण्याला पाठवून आठवडेच्या आठवडे वाट बघावी लागायची. आता सकाळी दिलेल्या नमुन्याचं उत्तर दुपारच्या चहापर्यंत येतं. मग हा मजकूर देशभरातल्या विहिरी, तलाव, कालवे यांतून गोळा केलेल्या मजकुरांशी ताडला जातो आणि पडद्यावर एक झाड उगवतं. कोण कोणाचा बाप, कोण कोणाचा चुलतभाऊ, सगळं दिसतं. या व्यवस्थेला वंशवेल असं नाव दिलं आहे. नाव ठेवणारे साहेब निवांत खोलीत बसून विचार करत असावेत.

वंशवेल आली त्या दिवशी मी प्रयोगशाळेत पेढे वाटले होते. साथ कुठून आली हे आता अंदाजपंचे सांगावं लागणार नव्हतं, याचा मला खरोखर आनंद झाला होता. पण अचूक वस्तू हातात आली की माणसं कंजूष होतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वरच्या मंडळींनी विचार केला की स्रोत नेमका कळतोच आहे, तर सरसकट औषध कशाला टाकायचं? पूर्वी साथ आली की आम्ही आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर ओतत सुटायचो. आता पावडरचं गोदाम वंशवेल उघडते. अहवालात ज्या पाण्याचं नाव येईल त्याच गावाला पावडर, गोळ्या आणि पथक मिळतं. ज्याचं नाव नाही त्या गावाला 'सतर्क राहा' असा एक मेसेज जातो. शिवाय पारदर्शकता म्हणून तोच अहवाल त्याच क्षणी जिल्ह्यातल्या प्रत्येक फोनवर वाजतो. पाणी कुठलं, घर कोणतं, ते कोणाच्या हातून आलं, सगळं.

एका तालुक्याच्या गावी खानावळ चालवणाऱ्या बाईंचं नाव असं वाजलं होतं. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा नमुने घ्यायला गेले तर खानावळीला कुलूप होतं आणि त्या कुठे गेल्या हे शेजाऱ्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून लोक सावध झाले. शौचाचा नमुना मागितला की डबीत म्हशीचं शेण भरून देऊ लागले. मशीन इमानेइतबारे सांगायचं की रुग्ण म्हैस आहे. पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो होतो, नंतर नंतर हसूही येईना.

गावंडेंच्या दारात तेरवीचा मांडव अजून तसाच होता. समाधान ओट्यावर बसून होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला बघताच उठून पुढे आला.

"मॅडम, तुमचं मशीन सांगते म्हनतात. मले नाव पायजे. कोनाच्या पान्यानं गेली माही पोट्टी, थे सांगा."

"सांगू. आधी नमुने घेऊ द्या," मी म्हटलं.

"आमच्या कासोदचं पानी फिल्टरचं हाय," मधली बहीण निर्मला दारातूनच ओरडली. तिचा आवाज बसलेला होता, हे वाक्य तिनं दोन दिवसांत कितीदा म्हटलं असेल कोण जाणे. "माह्याकडं पाहून नका बोलू कोनी."

"तुह्याकडं कोनी पाह्यलं का, निर्मले? चूप बस जराशी," असं म्हणत थोरली बहीण द्वारकाबाई बाहेर आली. पन्नाशी उलटलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. नवरा गेल्यावर सातपुड्याच्या पायथ्याला वडाळी गावी शेत एकटीनं सांभाळते, असं सरपंचानं मला वाटेत सांगितलं होतं. धाकटी वेणू तेरवीच्याच संध्याकाळी परत गेली होती, कारण तिचं मूल अंगावरचं होतं आणि उन्हानं किरकिरत होतं. शिवन्या गेल्याचं तिला फोनवरच कळलं. तिच्या सासरी, धारगव्हाणला, तलावाचं पाणी आहे.

लेकीची कॅन लगेच धुवायची नाही आणि रिकामी परत पाठवायची नाही, तूर-ज्वारी भरूनच पाठवायची, अशीही एक रीत आहे. त्यामुळे तिन्ही कॅनी तळाशी थोडं थोडं पाणी घेऊन न्हाणीघराच्या भिंतीशी उभ्या होत्या. तिन्ही एकसारख्या, एकाच कंपनीच्या. मी विचारलं कोणती कोणाची. द्वारकाबाईंनी न अडखळता बोट दाखवलं, "हे माही. हे निर्मलाची. न हे वेणूची." मी त्याप्रमाणे नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

बाहेर पडताना आतल्या खोलीत नजर गेली. शिवन्याची आई कांचन भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती, आडवी झाली नव्हती, नुसती बसली होती. तिच्याजवळ जाऊन काही विचारायला हवं होतं, निदान मुलीला पहिला त्रास कधी सुरू झाला एवढं तरी. मला ते जमलं नाही. मी शेगोकारला म्हटलं, चला.

शाळेच्या व्हरांड्याजवळ गाडी लावून मी मशीन सुरू केलं. सुट्टीमुळे शाळा रिकामी होती. शेगोकारनं कुठून तरी दोन चहा मिळवले आणि आम्ही झाड उगवायची वाट बघत बसलो.

झाड उगवलं. सगळ्या रुग्णांचे जंतू एकाच फांदीवर, आणि एका कॅनमधले जंतू त्याच फांदीवर, अक्षराला अक्षर जुळणारे. त्या कॅनवर चिठ्ठी होती द्वारकाबाईंची. मी मनात म्हटलं, चला, निदान खमकी बाई आहे, झेपेल तिला. मग खाली एक लाल ओळ दिसली. नमुन्यात विसंगती.

पाण्यात फक्त एकच जंतू नसतो. शेकडो निरुपद्रवी जंतू असतात, त्या त्या जागेची माती, शेवाळ, झाडोरा यांच्यासोबत राहणारे. विहिरीचं पाणी आणि तलावाचं पाणी मशीन त्यांच्यावरून झटकन ओळखतं. द्वारकाबाईंच्या चिठ्ठीच्या कॅनमध्ये तलावाचं पाणी होतं, धारगव्हाणच्या तलावाचं. आणि वेणूच्या चिठ्ठीच्या कॅनमध्ये वडाळीच्या विहिरीचं.

"बदलल्या असतीन चुकून," शेगोकार म्हणाला. "सारख्याच तं दिसतात."

"ती बाई चुकेल असं वाटतं तुम्हाला?"

शेगोकारनं थोडा विचार केला. "नाई वाटत," तो म्हणाला.

पडद्यावर दोन चौकोन आले होते. एकावर 'चिठ्ठी ग्राह्य', दुसऱ्यावर 'पाणी ग्राह्य'. घाईगर्दीत चिठ्ठ्यांचे घोळ होतात, म्हणून हा निर्णय गावात गेलेल्या अधिकाऱ्यावर सोपवलेला असतो. संध्याकाळपर्यंत काहीच दाबलं नाही तर वंशवेल चिठ्ठी खरी मानून अहवाल पाठवून देते. म्हणजे मी नुसतं चहा पीत बसले असते तरी द्वारकाबाईंचं नाव जिल्हाभर वाजलं असतं. खरं सांगायचं तर, त्या उन्हात त्याहून जास्त काही करायची ताकद माझ्यात होती की नाही मला शंका आहे. पण पाणी वेणूचं होतं आणि चिठ्ठी दुसरीची, हे माहीत असून गप्प बसणं मला जमेना. मी उठले आणि पुन्हा गावंडेंच्या घरी गेले.

द्वारकाबाई परसात रांजण आडवा करून राखेनं घासत होत्या.

"द्वारकाबाई, कॅनी बदलल्या तुम्ही," मी म्हटलं.

त्यांचा हात थांबला नाही. "मशीन सांगते?"

"पाणीच सांगतं."

"लय चोंबडं हाय मंग थे पानी."

"वेणूला वाचवताय ना? पण अशानं—"

"वेणूले काहाले वाचवू?" त्यांनी राखेची मूठ खाली टाकली. "तिचा नवरा चांगला हाय. चार दिवस लोकं बोलतीन, मंग दुसरं काई भेटन त्याइले बोलाले. वेणूचं काई नाई, मॅडम. कांचनचं हाय."

मला कळेना. त्या उठल्या, आतल्या दाराकडे एकदा बघून आल्या आणि आवाज खाली आणून सांगू लागल्या.

"तेरवीच्या आदल्या सांजेले वेणू आली. तिची कॅन ओसरीत ठेवली होती, रांजनात ओतली नव्हती अजून. शिवन्या बेजा नाचून राह्यली होती, आत्याचं पानी पायजे म्हने. कांचन म्हने उद्या पंगतीत भेटन. पन लेकरूच थे, आयकते काय? मंग कांचननं बूच उघडलं न गिलासभर देल्लं तिले. माह्या डोयानं पाह्यलं म्या."

त्यांनी पुन्हा एकदा दाराकडे बघितलं.

"रांजनातलं पानी सगळ्याइचं. त्यात कोनाची बी कॅन खराब निंगाली तरी सगळ्या गावानं पेलं, देवाच्या मनात होतं म्हनता येते. माही कॅन म्या सिद्दी रांजनात ओतली होती. माह्या नावावर आलं तं कांचनचा हात सुटते त्यातून. वेणूच्या कॅनचं नाव आलं का त्या बाईले कळन का आपुनच आपल्या हातानं..." त्यांनी पदर तोंडात धरला. "एक लेकरू गेलं मॅडम. आता मायलेबी मारता काय?"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांना दोन थपडा द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही न करता मी रांजणाशेजारच्या दगडावर बसले आणि पावडरचं सांगितलं. अहवालात वडाळीचं नाव गेलं तर पावडर वडाळीच्या चांगल्या विहिरीत पडणार. धारगव्हाणच्या तलावात जंतू तसेच राहणार आणि गावाला फक्त एक मेसेज जाणार.

"मंग दोन्हीकडं टाका ना!"

"मिळत नाही दोन्हीकडे."

"हे कोनतं शायनपन म्हनावं?"

"हेच मी केव्हाची विचारतेय."

विचारायचं म्हणून तिथूनच मी पुन्हा एकदा आमच्या जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. साहेब माणूस वाईट नाही, तोही माझ्यासारखाच दमलेला आहे. म्हणाला, "तायडे मॅडम, अहवालात नाव नसलेल्या गावासाठी मी गोदाम उघडायला सांगितलं तर ते उघडत नाही हो. खरंच उघडत नाही. मी काय करू?" मी फोन ठेवला.

"वेणूले म्या सांगतो ना चुपचाप," द्वारकाबाई म्हणाल्या. "लेकराले उकळून पाज म्हनतो."

"आणि बाकीचं धारगव्हाण? तिथल्या पोरांना कोण सांगणार?"

त्यांनी आडवा रांजण सरळ उभा केला. मग म्हणाल्या, "तुमीच ठरवा मॅडम. मी अडानी बाई."

"अडाणी कसल्या!" मला राग आवरला नाही. "सगळं करून सवरून झाल्यावर बरं अडाणीपण आठवतं!" बोलून झाल्यावर मला वाईट वाटलं. त्यांना लागलं नसावं, कारण त्यांनी माझा हात धरला आणि त्यांच्या हाताची त्यावर लागलेली राख पदरानं पुसली. "मंग चाला," त्या म्हणाल्या. "कांचनले फोन वाजून कळलं नाई पायजे. तुमी सांगा. मी राहतो संग."

इतकी वर्षं मी लोकांना काय काय सांगितलं आहे. पण एखाद्या आईला हे कसं सांगायचं, हे मला कोणत्याच प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. आत जाऊन कांचनसमोर जमिनीवर बसले आणि भलतीकडूनच सुरुवात केली. जंतूच्या पोटातला मजकूर, उतरवताना होणाऱ्या चुका, पाण्यातले बाकीचे जंतू, असं काहीबाही बोलत राहिले. माझं मलाच कळत होतं की मी शब्दांआड लपतेय. कांचननं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"वेणूचं ना?" ती म्हणाली.

द्वारकाबाईंनी मान खाली घातली.

"मले माईत हाय," कांचन म्हणाली. आवाज सपाट होता. "दुसऱ्या दिवशी पंगतीची पानं बी मांडली नव्हती, तवाच तिच्या पोटात मुरडा आला. रांजनातला घोट कोनीच घेतला नव्हता अजून. मंग कुठून आलं? म्या तवापासून त्याच एका गोष्टीवर बसली हाव. लोकं येतात न म्हनतात, तुह्या हाती काय होतं, बाई. माह्या हाती गिलासच तं होता."

द्वारकाबाई एकदम रडायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. कांचननं त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी कॅनींची अदलाबदल सांगितली, चिठ्ठ्यांचं सांगितलं, पावडर कुठे पडेल आणि कुठे पडणार नाही तेही सांगितलं. आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिला राग येईल असं वाटलं होतं. तिनं हात लांब करून द्वारकाबाईंचा पाय दाबला, लहान मुलाचा दाबावा तसा, आणि तिथेच ठेवला.

"धारगव्हाणले सगळे थेच पानी पेतात?" तिनं मला विचारलं.

"हो."

"वेणूचं लेकरू?"

"अंगावरचं दूध सुटलं नसेल अजून. पण वरचं पाणी देत असतीलच, या उन्हात."

कांचन भिंतीपासून सरळ झाली. त्या घरात पाऊल टाकल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हलताना बघितलं.

"नाव टाका," ती म्हणाली. "पन जराशा थांबा. मले आधी बोलू द्या. नाईतं थे फोनवर वाजन न तिले एकटीलेच वाजन."

मी मशीनला जोडलेला टॅब पिशवीतून काढून मांडीवर घेतला. 'पाणी ग्राह्य'च्या चौकोनाजवळ बोट धरून बसले. कांचननं उशीखालून आपला फोन काढला. तेवढ्यात दारात समाधान येऊन उभा राहिला. त्यानं किती ऐकलं होतं देव जाणे, पण सगळं ऐकलं असावं असा चेहरा होता. सकाळी ज्याला नाव पाहिजे होतं तो माणूस आता दाराची चौकट धरून उभा होता आणि काही विचारत नव्हता. कांचननं एक हात वर करून त्याला थांबवलं.

द्वारकाबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "वेणू पाचवीत होती, हे सून होऊन आली तवा. तिच्या वेन्या हेच घालून देये." मी मान हलवली. एकाच गोष्टीची मला भीती वाटत होती, की कांचन आता फोनवर किंचाळेल, त्या पोरीला शिव्याशाप देईल, आणि मला ते बसून ऐकावं लागेल. तसं झालं असतं तरी मी तिला अडवलं नसतं.

फोन लागला. पलीकडून वेणूचा आवाज आला, काय म्हणाली ते कळलं नाही. मागे मूल कुरकुरत होतं, ते मात्र स्पष्ट ऐकू येत होतं.

"वेणू, मी बोलतो," कांचन म्हणाली. "लेकरू कुठं हाय?... जवळ हाय ना? मंग आयक. त्याले पानी पाजलं का आज? किती?... बरं. मंग आयक, मधात बोलू नको. तुमच्या तलावाच्या पान्यात थे निंगालं हाय. आता मॅडम नाव टाकून राह्यल्या, तुमच्या गावाले औषध येईन. तवरोक घोटभरही देऊ नको त्याले. उकळून, निववून दे. त्याले जुलाब लागले तं वाट पाहू नको, सिद्दा दवाखाना. ऊन लागलं म्हून बसू नको घरी. आयकलं ना?"

पलीकडून काही तरी विचारलं गेलं. हळू, अडखळत. कांचननं डोळे मिटले.

"हो," ती म्हणाली. "तुह्याच कॅनमधलं. पन तू नाई देल्लं, म्या देल्लं. तू तं माह्या सासूसाठी आनलं होतं."

फोनमधून रडण्याचा आवाज येऊ लागला, आधी एकटीचा, मग आईला रडताना बघून मुलाचाही. मी चौकोन दाबला. बाहेर मांडवात, ओट्यावर, शेजारच्या घरांत, सगळ्यांचे फोन एकदम वाजले. कांचननं आपला फोन कानाला आणखी घट्ट लावला आणि त्या सगळ्या आवाजावर आपला आवाज चढवला.

"रडू नको व वेणू. रडू नको. आधी घरातला माठ उपडा कर."